स्पीकरवर दोन टिचक्या

दि. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दुकान, तब्येत, गुडघा, या क्रमाने तुझं सगळं ठीक असेल असं धरून चालतो. माझं डोकं मात्र फिरलंय. पंधरा दिवसांत तिसरा अँप्लिफायर घरी आला. खालचा सूर संपला तरी मागे घुं-घुं राहतंच. पहिल्याचा डॅम्पिंग फॅक्टर ऐंशी होता, दुसऱ्याचा दोनशे. दुकानदार म्हणाला, आकडा मोठा तितकी स्पीकरवर पकड घट्ट, म्हणून आता पाचशेवाला आणला. घुं-घुं जैसे थे. तुझी भावजय विचारते, आता भांड्यांच्या फळीवर अँप्लिफायर मांडू का?

हसू नकोस. वीस तारखेला सभागृहाचा मोठा पियानो सुरात जुळवायचाय. एकतीस वर्षं तो माझ्याच हातात आहे. त्याआधी आठवडाभर घरी रेकॉर्ड ऐकून कान तयार करायची माझी सवय तुला ठाऊक आहे. यंदा धड बसवत नाही की झोपवत नाही. वडिलांच्या दुकानात तू जन्मभर अँप्लिफायर उघडलेस, तूच सांग या आकड्याचं खरं काय ते. फोन करू नकोस, हल्ली फोनवर बोलणं नीट कळत नाही.

उत्तर लगेच धाड, रागावायचं असेल तर त्यातच रागाव.
तुझा,
खुंट्या

दि. ८ मार्च

चि. खुंट्यास,
अनेक आशीर्वाद.

पियानोच्या खुंट्या पिळता पिळता स्वतःलाच पिळून घेतोयस. पाचशेचा आकडा दुकानदाराच्या कामाचा, तुझ्या नाही.

नीट वाच. सूर थांबला तरी स्पीकरचा कागदी पडदा लगेच थांबत नाही, हलत राहतो. हलताना तो स्वतःच थोडी वीज तयार करतो. अँप्लिफायरच्या आतला अडथळा कमी असला की ती वीज त्यातून सहज फिरते आणि पडद्याला ब्रेक लागतो. स्पीकरचे आठ ओहम भागिले हा आतला अडथळा, झाला तुझा डॅम्पिंग फॅक्टर. पण त्याच वाटेत वायर आहे, आणि स्पीकरमधल्या तारेच्या गुंडाळीचे सहा-एक ओहम आहेत. ते कुठलाही अँप्लिफायर कमी करू शकत नाही. म्हणून वीस-पंचवीसच्या पुढे आकडा कितीही चढवलास तरी कानाला फरक कळणं कठीण. तू ऐंशीवरच सुखी असायला हवा होतास.

वडील करायचे ती परीक्षा कर. अँप्लिफायर बंद, स्पीकरच्या वायरी काढ, जाळी काढ. पडद्यावर बोटाने हलकी टिचकी मार, थोडं घुमेल. मग तारेच्या तुकड्याने स्पीकरची दोन्ही टोकं एकमेकांना जोड आणि पुन्हा टिचकी मार. याहून घट्ट पकड कुठलाही अँप्लिफायर देत नाही. आवाज जागच्या जागी थांबायला हवा. ऐकू येईल ते जसंच्या तसं लिही, शहाणपणा नको.

माझ्या भावजयीला छळू नकोस. माया आहेच.
ताई

दि. १२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

केली तुझी परीक्षा. तार न जोडता, घुं. तार जोडून, घुं. दोन्ही वेळा सारखंच. म्हणजे स्पीकरच गेले, नाही का? नवे बघून ठेवलेत.

तुझ्या भावजयीलाही शेजारी बसवलं होतं. तिच्या मते पहिल्या टिचकीला ढुम्म, दुसरीला टप्, फरक अगदी स्वच्छ. मी म्हटलं, बाई गं, पियानो तू जुळवतेस की मी? ती उठून आत गेली. तेव्हापासून नुसती बघते, बोलत नाही. काल काहीच न लावता खुर्चीत बसून राहिलो, तरी चैन पडेना. आठच दिवस उरलेत. नवे स्पीकर घेऊ ना?

उलट टपाली फक्त ‘हो’ लिहिलंस तरी भरून पावलो.
तुझा उतावळा,
खुंट्या

दि. १५ मार्च

चि. खुंट्यास,
अनेक आशीर्वाद.

स्पीकर घेऊ नकोस. टोकं जोडल्यावर तो पडदा तसा घुमूच शकत नाही. भावजयीने बरोबर ऐकलं.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि भरदिवसा दुकानाचं शटर ओढून बसले. फोनवर कळत नाही म्हणतोस, आणि फोन तू नेहमी डाव्या कानाला धरतोस. काही न लावता बसलास तेव्हा घुं-घुं होतं का, ते तू लिहिलं नाहीस. होतं ना? राजा, कानाच्या डॉक्टरांकडे जा. उद्याच जा, वीस तारीख होऊ दे म्हणू नकोस. मला भीती वाटतेय आणि ती लपवायचं माझं वय राहिलेलं नाही. निघण्याआधी बायकोची माफी माग.

चिडलेली, पण तुझीच,
ताई

दि. १८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जाऊन आलो. डावा कान. खालचे सूर त्याला कमी ऐकू येतात, आणि त्याचं आपलं घुं-घुं चालू असतं. औषध दिलंय. कुणाचं भरून येतं, कुणाचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. खरं सांगतो, मला महिनाभर संशय होता. अँप्लिफायर बदलून मिळतो, म्हणून त्याच्यावर ढकलत राहिलो. माफी मागितली तर तुझी भावजय म्हणाली की तिला राग आलाच नव्हता, त्या दिवशी ती घाबरली होती.

आज सकाळी सभागृहात जाऊन सांगितलं, यंदा दुसऱ्या कुणाला बोलवा. व्यवस्थापक ऐकेनात. म्हणाले, एवढं तेवढं इकडेतिकडे राहिलं तर कुणाला कळतंय, तुम्हीच या. मी म्हटलं, आजवर मला कळायचं, म्हणून येत होतो. मग खुंट्या पिळायच्या किल्ल्यांची पिशवी घेऊन मागच्या दाराने बाहेर पडलो आणि रस्त्यातच रडलो.

वीस तारीख कशीबशी काढीन. पुढचे दिवस काढवणार नाहीत. थोडे दिवस दुकान बंद ठेव आणि ये. बोलताना माझ्या उजवीकडे बस.

तुझा,
खुंट्या