चिखलीच्या उन्हात पॅचची मोजणी

सोमवार, १३ मे
लिनक्समध्ये कुणाचा बदल घ्यायचा ते ठरवणाऱ्या जर्मनीच्या मेंटेनरचं मेल आलं. पॅच आवडलाय, पण ‘वेग खरंच वाढतो का ते मोजून दाखव, शनिवारच्या आत.’ लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे पार गाभ्यात, माझी दुरुस्ती! बारक्या फाइली डिस्कवर लवकर लिहिल्या जाव्यात म्हणून. ती आत गेली तर पुण्याची कंपनी घरूनच काम देणार, तसं बोलणं झालंय. नाही गेली तर बाबांची अडत अन् सोयाबीनची पोती. बाबांनी तर दुकानात माझ्या बसायला गादी नवी भरून ठेवलीय.

मंगळवार, १४ मे
सकाळी जुना कर्नल चालवून वेग मोजला, जेवणानंतर पॅचवाला. मशीन तीच, डिस्क तीच. पॅचवाला हळू!! परत चालवला. आणखी हळू. च्यायला, असं कसं?
आई : "काऊन रे, तोंड पाडून बसला?"

बुधवार, १५ मे
सापडलं! सकाळी कूलर माझ्या खोलीत असतो. बाबा जेवून आडवे झाले की आई तो ढकलत त्यांच्याकडे नेते. उन्हाळाभर हीच रीत. मशीन तापली की प्रोसेसर आपोआप मंदावतो. म्हणजे जुन्याला गार वारा अन् माझ्याला टिनाखालची धग. गाढव आहे मी, दुसरं काय.
आईला म्हटलं, आज राहू दे ना कूलर इथंच.
"तुह्या मशीनीले जीव हाये का? तुह्या बापाले हाये."

गुरुवार, १६ मे
आज दोन्ही कर्नल सकाळी, आलटून पालटून. मग दोन्ही दुपारी, कूलरविना.
सकाळी पॅच चक्क जलद. एकटाच नाचलो खोलीत. दुपारी मात्र दोन्ही मंदावले, अन् पॅचवाला जास्त. डिस्कचं काम वाचवतो, पण प्रोसेसरला राबवतो. तापलेल्या मशीनला ते झेपत नाही.
फक्त सकाळचेच आकडे पाठवले तर? तिकडे कोण उन्हात बसून तपासणार...

शुक्रवार, १७ मे
पाठवले. सकाळचे, दुपारचे, सगळे. इथल्या शाळेत, झेरॉक्सवाल्याकडे मशीन अशाच तापतात. त्यांची कामं मी मंद करू? दिवसभर मेल उघड, बंद कर. आई वैतागली, "बस ना एका जागी! नुसत्या चकरा मारून राह्यला."

शनिवार, १८ मे
उत्तर आलं. ‘या वेळी घेत नाही. गरम मशीनवरचं सुधारून आण, मग बघू.’ नाही म्हटलेलं नाही. हो पण म्हटलेलं नाही. पुण्याच्या कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, "आत गेला की कळवा." किती थांबतील, ते बोलला नाही. मीही विचारलं नाही.
संध्याकाळी बाबा : "लागला का निकाल?"
"लांबला."
"मंग सोमवारी येतं ना अडतीवर?"
"येतो," म्हणालो.
कोणत्या सोमवारी, ते सांगितलं नाही.