फुकटची सिस्टीम

शुक्रवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. धंतोलीतल्या डॉक्टरांनी आज सगळ्या स्टाफसमोर मला सुनावलं, "तुझी ही फुकटची फोन सिस्टीम भरवशाची नाही. पेशंटचे कॉल मधेच कटतात."

फुकटची! काहून, तर सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, विकत घ्यावं लागत नाही. बसवल्यापासून एकदा तरी बंद पडली का? तिचं काम बघूनच गल्लीतल्या आणखी दवाखान्यांनी ती माझ्याकडून बसवून घेतली.

मग मी कटलेले कॉल ऐकले. सिस्टीम आली म्हणून रिसेप्शनवरच्या ताईला कामावरून काढताना डॉक्टरांनी तिच्याच आवाजात स्वागत रेकॉर्ड करून घेतलं होतं: "नमस्कार, बोला." त्यानंतर कशासाठी कोणतं बटण दाबायचं ते. पण "बोला" म्हटल्यावर माणूस बोलणारच ना! एक म्हातारे बटण न दाबता सांगत राहिले, "ताई, हिले रातभर दम लागून राहिला. घेऊन येऊ का?" मग विचारलं, "ताई, ऐकून राहिल्या ना?"

बटण दाबलं नाही म्हणून कॉल कटला.

डॉक्टरांना ते ऐकवलं. म्हणाले, "बघ, कटला ना? आता कंपनीचीच महागडी सिस्टीम आणतो. ताईचं हे 'नमस्कार, बोला' मात्र असंच ठेवू, आवाज गोड आहे."