शेजाऱ्यांच्या सरासरीतला खोकला

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कुरकुरत असले तरी तू कुरकुरत नसशील, असं धरून चालतो. दाजींनाही नमस्कार (त्यांनी चष्मा लावूनच वाचावं, मागच्या वेळी भलताच अर्थ काढला होता).

माझी नोकरी तुला अजून नीट कळलेली नाही, आणि त्यात तुझा दोष नाही. कुठल्या देशात माणशी दवापाण्यावर किती पैसा ओततात आणि लोक किती वर्षं जगतात, याचे तक्ते आम्ही जुळवतो. कुठे पैशाचा पाऊस पाडूनही माणसं लवकर आटोपतात, तर कुठे चार आण्यांत म्हातारे हलायला तयार नसतात. असं का, हे साहेब दरवर्षी विचारतात आणि उत्तर यायच्या आत चहा मागवतात. एखाद्या देशाचा आकडा आलाच नाही, तर शेजारच्या देशांची सरासरी काढून आम्ही रकाना भरतो, कारण रिकामा रकाना साहेबांना बघवत नाही.

हीच खोड अंगाशी आली. तक्त्यातल्या एका देशात माणसं दर महिन्याला डॉक्टरकडे जातात. मी बदली होऊन आल्यापासून एकदाही गेलो नव्हतो (कोणाकडेच गेलो नव्हतो, पण तो रकाना आमच्याकडे नाही). म्हटलं, जाऊन बघावं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, झोप कशी आहे, भूक लागते का, खोकला वगैरे? ताई, इतक्या दिवसांत मला हे कोणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे मलाही ठाऊक नव्हतं. मग सवयीने शेजाऱ्यांवरून भरलं. वरचा शिंपी ढाराढूर घोरतो, खालची मास्तरीण सारखी खोकते, म्हणून झोप बरी, खोकला मध्यम असं ठोकून दिलं. भिंतीपलीकडचं जोडपं भांडतं आणि मग हसत सुटतं, तेव्हा घरात बोलायला माणूस आहे, हेही सांगून बसलो. बाईंनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाल्या, "खोकून दाखवा बघू." आता मास्तरणीला कुठून आणू? खरं सांगावं लागलं. बाई हसल्या, पण औषध काही देईनात. मला इतकं वाईट वाटलं की जिन्यातच थांबलो. एखादी बाटली मिळाली असती, तर ती संपल्यावर पुन्हा जाता आलं असतं.

बाकी क्षेम. खोली हवेशीर आहे. खुर्च्या दोन घेतल्या, एकीवर कपडे असतात.

तुझा
धाकटा

ता. क. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय की पुढच्या खेपेला घरचं माणूस बरोबर हवंच. तेव्हा चार दिवस येऊन जा.

आणखी ता. क. त्या असं काही म्हणाल्या नाहीत. पुढची खेपही नाही, प्रकृती ठणठणीत आहे. तरी ये.