गुऱ्हाळघराच्या दाराची कडी

रविवार, संध्याकाळ

हुश्श! दिवसभर जीव टांगणीला लागला होता.

आमच्या जुन्या गुऱ्हाळघरात पर्यटकांची राहायची सोय केली, दार बसवलं, दाराला कडी लावली. पण जन्मभर तिथं गूळ काढलेल्या बाबूमामांना कडी ठाऊक कुठली? सकाळी पुण्याचं जोडपं नाश्त्याला बसलेलं, आणि मामा थेट आत. बाईंचा मला फोन, "कुणीतरी आजोबा येऊन बसलेत."

"कडी लावली नव्हती का?" मी उलट त्यांनाच विचारलं. पाहुण्यांशी असं बोलतात का? पण तोंडातून गेलं.

धावत गेले. मी पाठवलेले पोहे पुढ्यात, आणि मामा त्यांना आग्रह करतायत, "लाजू नका पावणं, पोटभर खावा. गुऱ्हाळातनं कोण उपाशी जात न्हाय."

"मामा, चला घरी."

"का? मी काय परका हाय व्हय?"

हाताला धरून त्यांना कसंबसं बाहेर आणलं.

आत्ता बाईंचा पुन्हा फोन आला. म्हटलं, झालं, आली तक्रार.

"उद्याचा दिवस राहू का? मामा सकाळी येतो म्हणालेत. आणि कडी लावायची नाही, असं बजावून गेलेत."