मॅगझिन नाही

रविवार, ४ मे

संग्रहालयात आज मुलांचा दिवस. अकरा मुलं, त्यात आमची लेक. देणगीत आलेली जुनी रायफल मीच त्यांच्या हातात दिली. वजन तरी कळू दे म्हणून. चाप सगळ्यांनी ओढून पाहिला. लेक बाजूच्या बोल्टच्या दांडीला लोंबकळली — "आई, हा हलतच नाही. गंजलाय." पुढच्या रविवारपर्यंत तेल घालून ठेवते म्हटलं.

सोमवार, ५ मे

तेल घेऊन सासरे आले. पस्तीस वर्षं शस्त्रदुरुस्तीत गेली त्यांची. असल्या निमित्ताची वाटच पाहत असतात. माझी नोंदवही उघडी होती. त्यांनी वाचलं — ‘रायफल. मॅगझिन नाही. रिकामी.’

"सूनबाई, नाही म्हणजे?"

"खाली काही लावलेलं दिसत नाही ना, बाबा. हरवलं असेल."

ते हसले नाहीत. मला मागे उभं केलं. नळीत गज घालून पाहिला — मोकळी. मग रायफल उताणी करून चापापुढचं झाकण उघडलं. पाच काडतुसं निघाली. हिरवी पडलेली.

मॅगझिन होतं. रायफलीच्या पोटातच.

"बोल्ट एकदा मागेपुढे झाला, की सगळ्यात वरचं नळीत. मग फक्त चाप."

मी स्टुलावर बसले. त्यांनी प्रत्येक काडतुसाला क्रमांकाची चिठ्ठी लावली, वरून खाली. जुनी सवय.

मंगळवार, ६ मे

नीट समजून घेतलं. काडतुसं जिथे बसतात आणि जिथून एकेक वर ढकललं जातं, ती पेटी म्हणजे मॅगझिन; सुटी असो की अंगचीच. क्लिप ही नुसती पट्टी, काडतुसं एकत्र धरणारी. पेटी भरली की तिचं काम संपलं. मी दोन्ही एकच समजत आले, आणि सुटी पेटी दिसली नाही की ‘नाही’ लिहीत आले.

सासरे म्हणाले, "एवढी पुस्तकं वाचलीस, एकदा मला विचारायचंस."

कपाटातल्या बाकीच्या सहा बंदुकाही त्यांनी तपासल्या. सगळ्या रिकाम्या.

बुधवार, ७ मे

संचालकांना सगळं सांगितलं. राजीनामा पर्समध्ये होता. तो काढूच दिला नाही. "नव्वद वर्षांची काडतुसं, बाई. दारू कधीच मेली असणार. झालं ते झालं." सासऱ्यांचंही तेच मत. काडतुसं पोलिसांच्या तपासनिसाकडे पाठवली. नियमच आहे.

जुनी नोंद खोडली नाही. खाली लाल शाईने खरं लिहिलं, तारीख घातली, सही केली.

गुरुवार, ८ मे

तीन दिवसांनी झोप लागली. चहाला चव होती.

शनिवार, १० मे

तपासनिसाचा फोन आला. खालची चार फुसकी निघाली. सगळ्यात वरचं उडालं.