खड्ड्यावरचा बल्ब

प्रिय भाऊ,

आज राईस मिलमध्ये धान ओतायच्या खड्ड्यावर नवा दिवा बसवला. तू जाऊन आठ महिने झाले आणि सेठला आत्ता जाग आली! वरातीमागून घोडं, दुसरं काय? मिलचा वायरमन मीच, म्हणून शिडीवर मलाच चढावं लागलं. उतरलो आणि हे लिहायला बसलो.

तिथला जुना बल्ब तूच काढायचास, आठवतं? हंगामात संध्याकाळी उजेडाला किडे यायचे. पोती ओतणाऱ्यांच्या कानात, डोळ्यांत जायचे आणि खड्ड्याचं काम तुझ्याकडे म्हणून सगळे तुझ्यावर ओरडायचे. मग तू बल्ब काढून खिशात टाकायचास, सकाळी परत लावायचास. पुढे पुढे लावायचं राहूनच गेलं. कोंड्याच्या धुळीने तिथं दिवसाही अंधारच असतो.

मी एकदा विचारलं होतं, "भाऊ, बल्ब काऊन नाही लावला?"

"कायले पाहिजे? मले सारं दिसून राहिलं ना! डोळे झाकून चालतो मी इथं."

मी मान हलवली आणि निघालो. उजेड पाहणं माझं काम, आणि मी तुला विचारत बसलो! याचा मला राग येतो. तुझाही येतो.

त्या दुपारी खड्डा साफ करायला त्यावरची लोखंडी जाळी उचलली होती. खाली धान ओढून नेणारा मशीनचा पट्टा चालूच होता. तू नेहमीसारखा आलास आणि पाय टाकलास. एवढंच झालं.

आज दिवा लागला तेव्हा भिंत दिसली. दारापासून खड्ड्यापर्यंत, कमरेच्या उंचीवर, चुन्यावर हाताचा काळा तेलकट पट्टा उमटलाय. इतकी वर्षं चाचपत जात होतास, भाऊ?

घरी येऊन वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "दिसत नव्हतं त्यायले. म्हणत, कोणाले सांगू नको, सेठ कामावरून काढन." मला तरी सांगायचं होतंस! मी काय सेठ होतो?

भिंतीवरचा तो हाताचा पट्टा मी कोणाला पुसू दिला नाही. आणि एक शब्द देतो. आता कुठं अंधार दिसला तर "दिवा पाहिजे का?" असं कोणाला विचारणार नाही. आधी लावीन.

तुझा धाकटा,
केशव