गवंड्याच्या हातचा अ‍ॅपल पाय

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. पत्रात आधी क्षेमकुशल लिहावे आणि मग विषयाला हात घालावा, असे चौथीच्या गुरुजींनी आम्हाला शिकवले. त्यापुढे शाळेचा आणि माझा संबंध आला नाही. पण शिकवले तेवढे मी आजवर पाळत आलो आहे. तर आम्ही उभयता कुशल आहोत. तुझे पत्र पोचले. आईसाठी तू मागची खोली रिकामी केलीस, खिडकीला नवा पडदा लावलास आणि पलंगाशेजारी धरायला दांडी बसवून घेतलीस, हे वाचून समाधान वाटले. ती तुझ्याकडे राहायला कधी येणार, हा तुझा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर याच पत्रात देईन. तथापि, त्याआधी इकडे जे घडले ते क्रमाने सांगणे मला आवश्यक वाटते.

आजारपणानंतर आईचा उजवा हात कामाचा राहिला नाही, हे तू पाहिलेच आहेस. बोलणे पूर्ववत झाले, काठीच्या आधाराने चालणेही जमू लागले. परंतु तो हात मांडीवर नुसता पडून असे. रविवारी आपल्या घरातून अ‍ॅपल पायचा वास जिन्याने तळमजल्यापर्यंत उतरत असे, तो बंद झाला. तिचा दंडक तुला आठवत असेल. इमारतीत प्रत्येक दारी एक तुकडा जायचा आणि ज्याने खाल्ला त्याने बशी परत करताना आपल्या उंबरठ्यावर उभे राहून खरे मत सांगायचे. नुसते ‘छान’ म्हणून कोणाची सुटका नसे. “छान म्हणजे काय? गोड कमी की जास्त? खालचं कवच ओलं लागलं का?” अशी उलटतपासणी व्हायची. आजारपणानंतर ती दाराशीच येईनाशी झाली. एके दिवशी तर तिने आपले लाटणे खालच्या शिंपीणबाईंना देऊन टाकले. “मला काय करायचंय आता त्याचं,” एवढेच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. त्याच आठवड्यात मी तुला मागील पत्र लिहिले.

ते पत्र पेटीत टाकून परतताना शिंपीणबाई जिन्यात भेटल्या. त्यांच्या हातात ते लाटणे होते. म्हणाल्या, “मिस्त्री, हे घेऊन जा बाई परत. पोळी लाटायला घेतलं की वहिनी डोळे वटारून बघताहेत असं वाटतं.” लाटणे हातात आल्यावर ते मुकाट्याने कपाटात ठेवणे मला प्रशस्त वाटेना. मनात आले, आपण जन्मभर चुना, सिमेंट, वाळू कालवली. त्यापुढे मैदा तो काय!

भिंगरी, हा माझा भ्रम होता. मी लोणी उन्हात ठेवून मऊ केले, पाणी सढळ हाताने घातले आणि भिंतीचा माल कालवताना लावतो तेवढी ताकद लावून ते पीठ मळले. सफरचंदाच्या फोडी भरून वर झाकण बसवले, ते असे की कडेला एक फट राहिली नाही. गिलाव्याला भेग दिसली तर गवंड्याची अब्रू जाते, ही आमच्या कामातली शिकवण. परिणामी आत वाफ कोंडली, झाकण फुटले, रस तळाला जळाला आणि घरभर धूर झाला. आतल्या खोलीतून आईने विचारले, “काय जाळताय?” मी म्हणालो, “काही नाही.” मग जे उरले त्याचे तुकडे करून, नेहमीच्या बशांत घालून, रीतीप्रमाणे सगळ्या दारांशी देऊन आलो. तो पाय मी केला होता. परंतु आपल्या दारातून जो पाय बाहेर पडतो तो तुझ्या आईचा, असेच इमारत धरून चालते, हे माझ्या ध्यानात आले नाही.

संध्याकाळी समोरचे ड्रायव्हर बशी घेऊन आले ते थेट आईच्या पलंगाशी गेले. तिने पुन्हा सुरुवात केली, या आनंदात बिचारे खोटे बोलले. “काकू, फार छान झालाय हो!” आईने सवयीने विचारले, “छान म्हणजे काय?” ड्रायव्हरांनी माझ्याकडे पाहिले, बशीकडे पाहिले आणि शेवटी म्हणाले, “म्हणजे… टिकाऊ आहे.” आईने उरलेला तुकडा मागवला. एक घास घेतला, बराच वेळ चावला. नंतर जो आवाज निघाला तो आजारपणाआधीचा होता. “अहो, माझ्या नावावर ही वीट वाटलीत? सगळ्यांना? शिंपीणबाईंनासुद्धा?” आणि काठी घेऊन ती उठली, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. कित्येक महिन्यांनंतर तिचे पाऊल त्या दाराकडे वळले होते. ओट्याची दशा पाहून तिने मला आणखी जे सुनावले ते पत्रात लिहिण्याजोगे नाही.

पुढच्या रविवारपासून ती ओट्याजवळ स्टुलावर बसू लागली आणि मी तिच्या हुकमाखाली आलो. “हात गरम आहेत तुमचे, आधी गार पाण्याखाली धरा.” “लोणी फ्रीजमधलं घ्या. बोटांच्या टोकांनी चोळा, तळवा लावलात तर काठी बसेल.” लोण्याचे वाटाण्याएवढे खडे राहू द्यायचे, असे तिचे म्हणणे. मी हरकत घेतली की खडे राहिले तर माल कच्चा. ती म्हणाली, “तुमचा माल राहू द्या बाजूला. ते वितळतात तेव्हाच पदर सुटतात.” झाकणाला सुरीने चिरा पाडायची वेळ आली तेव्हा माझा हात चालेना. ज्याने आयुष्यभर भेगा बुजवल्या त्याने स्वतःच्या हाताने भेग पाडायची! “मग वाफ जाणार कुठून,” ती म्हणाली, “तुमच्या कानांतून?” मी चिरा पाडल्या. सरळ आणि समान अंतरावर पाडल्या, हेही नमूद करतो.

प्रगती सावकाश झाली, पण झाली. मते खरी येऊ लागली. ड्रायव्हर म्हणाले, “आज दात वाचले.” शिंपीणबाई म्हणाल्या, “शिवण बरी आहे, कापड अजून जाड आहे.” आई ही मते आतूनच ऐकत असे आणि पुढच्या खेपेस माझ्याकडून दुरुस्ती करवून घेई.

गेल्या रविवारी मी काट्याने कड दाबायला घेतली तोच ती म्हणाली, “सरका.” डाव्या हाताचा अंगठा पिठात बुडवून तिने स्वतः कडेला मुरड घालायला सुरुवात केली. एक घडी जाड, दुसरी बारीक, तिसरी तिरकी. माझी नजर ओळंब्याला सरावलेली; वाकडे दिसले की हात आपोआप पुढे जातो. मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. लोणी ऊबदार होऊ लागले होते, तरी ते सोडले नाहीत. अर्धी कड झाल्यावर ती दमली, थांबली, कपाळ पुसले आणि उरलेली अर्धीही तिनेच पूर्ण केली. पाय ओव्हनमधून निघाला तेव्हा चिरांतून रस खदखदत होता आणि ती वाकडी कड सोनेरी झाली होती.

“बशा तुम्ही घ्या,” ती म्हणाली, “दारं मी वाजवते.” काठीनेच वाजवली. जिना उतरून ती शिंपीणबाईंच्या दारी गेली. त्यांनी कडेवरून बोट फिरवले, “वहिनी, ही मुरड तुमची,” म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. आई म्हणाली, “रडायचं नंतर. आधी खा आणि सांगा.” त्यांनी खाल्ले. म्हणाल्या, “पदर सुटलेत छान. मीठ चिमूटभर कमी.” आईने वळून माझ्याकडे असे पाहिले की मिठाची जबाबदारी कोणाची हे मजल्यावर सर्वांना कळावे. मी बांधलेल्या भिंती अजून सरळ उभ्या आहेत आणि त्यांचा मला अभिमान आहे. पण त्या दिवशी हातात बशा घेऊन तिच्या मागून जिना चढताना जो वाटला, तो त्याहून मोठा होता.

आता तुझ्या प्रश्नाचे उत्तर. ‘आईला घेऊन जा, तिला उभे करणे माझ्याच्याने होत नाही,’ असे मी मागील पत्रात लिहिले ते तिला न विचारता लिहिले होते. कोणापुढे हात पसरण्याची मला सवय नाही. पसरला तो तुझ्यापुढे, आणि तू एका शब्दाने कारण न विचारता खोली तयार केलीस. अशी लेक मला आहे, याचाही मला अभिमान आहे. परंतु ते मागणे मी परत घेत आहे. काल आईला सर्व सांगितले. ती रागावेल असे वाटले होते. ती टोपलीतली सफरचंदे डाव्या हाताने एकेक दाबून पाहत होती, तशीच पाहत राहिली. मी विचारले, “मग मुलीला काय कळवू?” मान वर न करता ती म्हणाली, “कळवा, मला सवड नाही.” भिंगरी, इतके सुंदर वाक्य या घरात मी बऱ्याच महिन्यांत ऐकले नव्हते. ते तिच्याच शब्दांत, अक्षर शक्य तितके वळणदार काढून तुला कळवावे, एवढ्यासाठी हे पत्र. आईला सवड नाही.

तुझाच,
हल्ली तुझ्या आईच्या हाताखाली काम करणारा,
बाबा